पायोनियर कोणाला म्हणायचे? बॅलरॅट आणि बोरघाट

इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'पायोनियर' हा शब्द आता मोठा प्रतिष्ठित झाला आहे. समाजसुधारणेचे पायोनियर, रंगभूमीचे पायोनियर, सहकाराचे पायोनियर. गौरवग्रंथांतून आणि स्मरणिकांतून या शब्दाची नुसती खैरात चाललेली असते. शब्दाचे मूळ मात्र इतके उच्चकुलीन नाही. लष्कर पुढे सरकण्याआधी कुदळ-फावडे घेऊन झाडी तोडणारा, खंदक खणणारा, वाट करून देणारा पायदळातला हलका शिपाई, तो पायोनियर. बुद्धिबळाच्या पटावरचे प्यादे ज्याला इंग्रज 'पॉन' म्हणतो ते, कचेरीच्या दारातला 'प्यून' आणि हा 'पायोनियर' हे तिघे एकाच कुळातले. तिघांच्याही मुळाशी पाय आहे. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत पायोनियर पलटणी होत्या, आणि त्यांतल्या मजहबी शिखांच्या पलटणींत तर अस्पृश्य मानलेल्यांचीच भरती असे. म्हणजे शब्द मुळात आपलाच. तो आपल्या हातून निसटून मालकाच्या, ठेकेदाराच्या आणि साहेबाच्या नावापुढे कसा जाऊन बसला, हे मला येथे तपासायचे आहे. त्यासाठी मी दोन जागा घेतो. एक ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणींचा मुलूख. दुसरी, ज्या शाळेत मी आयुष्यभर नोकरी केली तिच्या खिडकीतून दिसणारा बोरघाट.

ही सांगड पहिल्याने कोणालाही विचित्र वाटेल. कर्जत-खालापूरच्या डोंगरात सोन्याचा कण नाही. आहे तो काळा कातळ. परंतु काळ पाहा. बॅलरॅटला सोने सापडले १८५१ साली, बोरघाटात पहिले सुरुंग लागले १८५६ साली. साम्राज्य एकच, भांडवल एकाच लंडन शहरातले, दारू एकच आणि रोगही तेच. दोन्हीकडे ओसाड डोंगरात हजारो माणसे एकाएकी आली, झोपड्या घालून राहिली, दगड फोडत जगली आणि मेली. दोन्हीकडे बंडे झाली, तीही चारेक वर्षांच्या अंतराने. पुढे मात्र एका बंडाचे स्मारक झाले आणि दुसऱ्याचा कायदा झाला. तोही बंड करणाऱ्यांच्याच विरुद्ध वापरता येईल असा.

आधी तिकडचे पाहू. १८५१ च्या आरंभी एडवर्ड हारग्रेव्हज या गृहस्थाने न्यू साउथ वेल्समधील बाथर्स्टजवळ सोने असल्याचा डांगोरा पिटला आणि 'सोन्याचा शोधक' म्हणून दहा हजार पौंडांचे बक्षीस घेतले. प्रत्यक्ष भरपूर सोने काढून दाखविणारे त्याचे साथीदार लिस्टर आणि टॉम बंधू वेगळेच होते. त्यांचा हक्क मान्य व्हायला पुढे चाळीसेक वर्षे लागली. (शोध लावतो एक आणि शोधक ठरतो दुसरा, हा प्रकार गोऱ्यांत गोऱ्यांशीसुद्धा होतो, एवढाच याचा अर्थ.) त्याच वर्षी व्हिक्टोरियात बॅलरॅटला सोने लागले आणि जग तिकडे धावले. १८५१ साली व्हिक्टोरियाची वस्ती सुमारे ७७ हजार होती, ती दहा वर्षांत ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली.

या वस्तीचे रोजचे जिणे मोठे हालाचे होते. राहायला कापडी तंबू किंवा झाडाच्या सालींची खोपटी. जेवायला राखेत भाजलेली जाड रोटी, मटण आणि दुधाविना चहा. माती खणायची, ओढ्यावर आणायची, लाकडी पाळण्यासारख्या पेटीत घालून पाण्याने हलवायची आणि तळाशी काय चमकते ते पाहायचे. सगळा ओढा असा ढवळून निघे आणि तेच पाणी पिण्याला. हगवणीने पोरे पटापट मरत. बायका धुणी धूत, खानावळी चालवीत, पाळणा हलवीत, दोन्ही अर्थांनी. आणि सोने सापडो वा न सापडो, खणण्याच्या परवान्यासाठी सरकारला महिन्याला तीस शिलिंग मोजावे लागत. परवाना अंगावर नसला की पोलीस माणसाला शिकारीसारखे पकडून नेत.

याचा भडका ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलरॅटच्या युरेका टेकडीवर उडाला. खाणवाल्यांनी कुंपण उभारले, आपला स्वतंत्र झेंडा लावला. पहाटे सैन्याने हल्ला केला आणि किमान बावीस खाणकामगार मारले गेले. तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले झाले. त्यांत पहिला उभा केला गेला जॉन जोसेफ नावाचा अमेरिकन काळा माणूस. ज्यूरीने त्याला सोडले आणि मेलबर्नच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरविले. उरलेलेही सुटले. परवाना रद्द झाला, वर्षाला एक पौंडाचा 'खाणकामगाराचा हक्क' आला आणि त्या हक्काबरोबर मत आले. बंडाचा पुढारी पीटर लेलर याने लढाईत हात गमावला होता. तो वर्षभरात कायदेमंडळात जाऊन बसला. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस मिळविला. आज त्या झेंड्याची चिंधी बॅलरॅटला काचेत जपून ठेवली आहे. १९७० पासून सॉव्हरिन हिल नावाचे एक अख्खे खाणगावच पाहुण्यांसाठी पुन्हा उभे केले आहे. शाळेची मुले तेथे जाऊन माती चाळतात.

हे सगळे वाचून आपल्यापैकी कोणाला हेवा वाटला तर नवल नाही. पण थोडे थांबले पाहिजे. ज्या जमिनीतून सोने निघाले ती वाडावुरुंग लोकांची होती. बेंडिगोची जमीन जाजावुरुंग लोकांची. त्यांना कोणी परवाना विचारला नाही की मत विचारले नाही. त्यांचे पाणवठे गढूळ झाले, शिकार संपली आणि रोगांनी त्यांना पोखरले. चिनी खाणकामगारांवर व्हिक्टोरियाने १८५५ साली माणशी दहा पौंड उतराई कर बसविला. तो चुकविण्यासाठी ते शेजारच्या वसाहतीतल्या रोब बंदरावर उतरत आणि शेकडो मैल पायी चालत खाणींवर पोचत. १८६०-६१ साली लॅम्बिंग फ्लॅटला गोऱ्या खाणवाल्यांनी त्यांच्या वस्त्या जाळल्या. युरेकाचा झेंडा असा अर्धाच फडकत होता. 'पायोनियर' ही पदवी तेथेही कातडी पाहून मिळाली.

आता आपल्याकडे येऊ.

१८५३ साली रेल्वे ठाण्यापर्यंत आली, दुसऱ्या वर्षी कल्याणपर्यंत. १८५६ साली ती पळसदरीहून खोपोलीला पोचली. त्या काळी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. घाटावर खंडाळा ते पुणे लोहमार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला. मधे उरली सह्याद्रीची भिंत. पाच वर्षे उतारू खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत. ही भिंत फोडण्याची घाई कोणाला होती? उतारूंपेक्षा कापसाला होती. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात जलद उतरायला हवा होता. आमच्या डोंगरातले सोने म्हणायचे तर ते हे: कातळाच्या पलीकडचे, पांढरे.

या कामाचे वर्णन इंजिनिअरांनी फार अभिमानाने करून ठेवले आहे. जवळपास सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट, पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल आणि मधे गाडीची दिशा उलटी करण्याचे ठाणे. हे ठाणे १९२९ साली मार्ग बदलेपर्यंत वापरात होते. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याचे नाव सगळ्यांना ठाऊक. पहिला ठेकेदार विल्यम फॅविएल. त्याने १८५९ साली काम सोडले. दुसरा सॉलोमन ट्रेडवेल. तो त्याच वर्षी इंग्लंडहून आला आणि थोड्याच आठवड्यांत, ३० नोव्हेंबरला, रोगाने मेला. मग त्याची बायको अॅलिस हिने ठेका हाती घेतला आणि दोन कर्तबगार इंजिनिअर नेमून पार पाडला. बाई धीराची होती यात शंका नाही आणि तिचे कौतुक लोक करतात ते योग्यच आहे.

पण १८६१ च्या सुरुवातीला या घाटात ४२ हजारांवर माणसे कामाला होती. बेचाळीस हजार! आजच्या कर्जत गावापेक्षाही मोठी वस्ती कड्यांवर आणि दऱ्यांत लटकलेली होती. ट्रेडवेलच्या मरणाची तारीख आपल्याला मिळते. कॉलरा आणि हगवणीने त्या हंगामांत जे हजारो मजूर मेले, ते कागदांत येतात ते आकडा म्हणून, तोही अंदाजाचा.

कोण होते हे लोक? कोकणातले आणि देशावरचे. वडार होते, दगड हा त्यांचा पिढीजात धंदाच. महार होते, मांग होते, दुष्काळाने आणि सावकाराने जमिनीवरून ढकललेले कुणबी होते, कोळी होते, आसपासचे ठाकूर आणि कातकरी होते. मुकादम आपल्या गावची, आपल्या भावकीची टोळी घेऊन येई. कंपनी ठेकेदाराला पैसे देई, ठेकेदार पोटठेकेदाराला, तो मुकादमाला आणि मुकादम मजुराला. प्रत्येक पायरीवर पैसा थोडा थोडा झिजत जाई. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) इंजिनिअर खात्यातील ब्राह्मण कामगारांच्या कारवायांवर एक स्वतंत्र पोवाडाच घातला आहे. स्वतः सरकारी बांधकामांचे ठेके घेतलेला तो माणूस हजेरीपटावर काय चालते ते डोळ्यांनी पाहिलेला होता.

काम कसे चाले? डायनामाइट अजून जगात आलेले नव्हते. त्याचे पेटंट १८६७ चे. सगळे काम साध्या काळ्या दारूचे. लांब पोलादी पहार एकाने धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, प्रत्येक ठोक्यानंतर पहार थोडी फिरवायची. असे भोक खोल गेले की भुकटी काढून दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचे. जेथे उभे राहायला पाऊल ठेवण्याएवढी जागा नव्हती, तेथे माणसांना कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली सोडीत. लोंबकळत त्यांनी पहिले भोक पाडायचे, त्या सुरुंगाने पायरीएवढी जागा व्हायची, मग त्या जागेवर दुसरे उभे राहायचे. हे पायोनियर. शब्दाच्या मूळ अर्थाने.

पावसाळ्यात उघड्यावरचे काम बंद पडे. चार महिने या घाटात काय पाऊस कोसळतो ते येथे राहणाऱ्यालाच कळेल. बोगद्यांच्या आत तेवढे काम चाले. बाकीची माणसे गावी जात, दसऱ्यानंतर परत येत. आणि येताना आधीच्या साली मेलेल्यांच्या जागी नवी येत. बायका-पोरे फुटलेला दगड पाट्यांतून वाहत. माझे आजोबा पळसदरीच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. त्यांची आजी पोरवयात घाटाच्या कामावर पाट्या वाहायला होती. तिची एक गोष्ट आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. बायका तान्ही पोरे लुगड्याच्या झोळीत घालून झाडाला टांगीत. सुरुंगाची आरोळी झाली की साऱ्या आधी झोळ्यांकडे धावत, आणि घाईत जिच्या हाताला जी झोळी येईल ती घेऊन पळे. धूर विरला की मग पोरे बदलून घ्यायची. "तवा जात कुटं बघितली व्हती कुनी," असे म्हातारी म्हणे. आणि लगेच पुढे म्हणे, "पन सांजंला पानी मातूर येगळंच."

या दोन वाक्यांत त्या वस्तीचा सगळा समाजशास्त्रीय अहवाल आला असे मला वाटते. जात घाटाखाली ठेवून कोणी वर येत नसे. टोळ्या जातीच्या, म्हणून झोपड्यांच्या ओळी जातीच्या, म्हणून पाणवठे जातीचे. कॉलऱ्याने मात्र सगळे पाणवठे सारखेच मानले.

असे असूनही या नरकात आमचे लोक का आले? याचे उत्तर केवळ भुकेत शोधणे मला पुरेसे वाटत नाही. गावात महार राबत होता तो वतनाच्या नावाखाली. त्याच्या कामाला तास नव्हते आणि मोबदल्याला आकडा नव्हता. बलुते हा हक्क म्हणायचा, पण तो मागायचा मात्र 'जोहार मायबाप' म्हणून, दारात उभे राहून. घाटात रोजाचा आकडा ठरलेला होता. तो थोडा होता, तो उशिरा मिळे, त्यात चोरी होई. पण आकडा होता. आणि आकडा असला की तो चुकला असे म्हणता येते. शिळ्या भाकरीचा तुकडा लहान पडला म्हणून गावात कोणाला दावा मांडता येत नव्हता. रोज कमी दिला म्हणून घाटात मांडता येत होता.

आणि तो मांडला गेला. जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या आणि कापलेल्या मजुरीवरून बोरघाटातले मजूर उठले आणि त्यांनी गोऱ्या देखरेखवाल्यांवर हल्ला केला. १८५७ चे उठाव अजून पुरते विझले नव्हते, सरकार हादरले. चौकशी झाली. मजुरांचे पैसे खरोखरच अडकविले जातात, हे सरकारच्या ध्यानात आले होते. मुंबई इलाख्यातल्या रेल्वेच्या कामांवरील अशा वादांतून मग १८६० चा नववा कायदा आला: रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांच्या तंट्यांचा झटपट निकाल लावणारा. मॅजिस्ट्रेटने मजुरीचा दावा ताबडतोब ऐकावा, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी की करार केलेल्या मजुराने काम सोडले तर तो गुन्हा आणि त्याला तुरुंग. मालकाने पैसे बुडविले तर ती देणी-घेणी. मजुराने पाठ फिरविली तर अपराध. त्याच सुमारास, १८५९ साली, मजुरांच्या करारभंगाबद्दलचा आणखी एक कायदा झाला होता. तो चहाच्या मळ्यांपर्यंत पोचला आणि १९२५ साली रद्द होईपर्यंत माणसांना मळ्याला बांधून ठेवीत राहिला. १८६० चा कायदा १९३२ साली निघाला.

येथे बॅलरॅट आणि बोरघाट यांच्या वाटा फुटतात. तिकडच्या बंडखोराला मत मिळाले. तो उद्याचा नागरिक होता, त्याला सामावून घेतल्यावाचून राज्य चालणार नव्हते. इकडचा बंडखोर रयतसुद्धा धड नव्हता; तो हात होता. त्याच्या बंडातून सरकारने हाताला बेडी कशी घालावी एवढाच धडा घेतला. आपल्या शूरपणात काही उणे होते असे मी मानीत नाही. उणे होते ते आपल्या बाजूने साक्ष देणाऱ्या ज्यूरीचे, आपली बातमी छापणाऱ्या पत्राचे आणि आपल्याला खांद्यावर घेणाऱ्या शहराचे.

या धाग्याचे दुसरे टोक पुढे ऐंशी वर्षांनी सापडते. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचे बिल आणले आणि ठराविक परिस्थितीत संप हा गुन्हा ठरविला. मुंबईच्या असेंब्लीत स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद असा: संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग, करारभंग हा दिवाणी मामला आहे, त्याला फौजदारी गुन्हा करणे म्हणजे माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घेणे, आणि त्यालाच गुलामगिरी म्हणतात. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्या बिलाविरुद्ध मुंबईत संप झाला. आमच्या चळवळीत या भाषणाची चर्चा गिरणी कामगारांच्या संदर्भात होते. मी ते वाचतो तेव्हा मला बोरघाट दिसतो. बाबासाहेब ज्या तत्त्वाविरुद्ध बोलत होते, ते १८६० साली कायद्यात आले तेव्हा त्याच्या पाठीशी आमच्याच डोंगरातली दंगल होती.

सोन्याच्या खाणीत दलित कोठे होते, असे कोणी विचारील तर त्याचेही उत्तर आहे: कोलारला. १८८० पासून जॉन टेलर कंपनीने चालविलेल्या त्या खाणींत खाली उतरणारे बहुसंख्य तमिळ दलित होते, मुख्यतः परैयर. वर साहेबांचे बंगले आणि क्लब, खाली तट्ट्यांच्या कुली लाइनी. पण त्या लाइनींत एक गोष्ट घडली जी बोरघाटात घडू शकली नाही. पंडित अयोथीदास यांनी १९०७ साली 'तमिळन' पत्र काढले, त्यांच्या शाक्य बौद्ध संघाच्या शाखा मारिकुप्पम आणि चँपियन रीफ येथे निघाल्या, आणि नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळपास अर्धे शतक आधी खाणीतले मजूर स्वतःला बौद्ध म्हणवू लागले. फरक वस्तीच्या आयुष्याचा होता. कोलारची खाण २००१ साली बंद होईपर्यंत एकशेवीस वर्षे चालली. तेथे दुसरी-तिसरी पिढी वाढली, शाळेत गेली, लिहू लागली. बोरघाटातली वस्ती सात वर्षांत उठली. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी घाटमार्गाचे उद्घाटन केले आणि माणसे पांगली. कोणी थळघाटाच्या कामावर गेले, कोणी मुंबईच्या गोद्यांत आणि गिरण्यांत, कोणी रूळ सांभाळायला गँगमध्ये राहिले. बहुतेक परत गावकुसाबाहेर.

मागे राहिली ती नावे पाहा. स्टेशनांच्या आणि ठाण्यांच्या यादीत 'ठाकूरवाडी' आहे. तेवढीच आदिवासींची दखल. खालच्या माथेरानचा 'शोध' १८५० साली कलेक्टर मॅलेट याने लावला, असे आमच्या मुलांना शिकवितात. तेव्हा त्या डोंगरात ठाकूर, कातकरी आणि धनगर राहत होते. १९०७ ची माथेरानची छोटी रेल्वे आदमजी पीरभॉय यांच्या नावावर, रूळ टाकणारे कोणाच्याच नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखविली आणि बक्षीस म्हणून साहेबाने त्याला गोळी घातली, असे सांगतात. ही लोककथा आहे, दस्तऐवज नव्हे, हे मला मान्य. परंतु ज्या घाटाच्या दप्तरात बेचाळीस हजारांपैकी एकाचेही नाव लोकांपर्यंत पोचले नाही, तेथे लोकांनी एक नाव स्वतःच जपले आणि त्याच्या मरणाचा आरोपही साहेबावर ठेवला. ट्रकवाले आजही तेथे नाणे टाकतात.

कर्जतला गाडी थांबते. मागून जादा इंजिने जोडली जातात आणि तेवढ्या वेळात उतारू बटाटेवडे घेतात. गाडी पळसदरी सोडून वर चढू लागली की मुले बोगदे मोजतात. पावसाळ्याच्या तोंडी याच घाटात रेल्वेची 'हिल गँग' कामाला लागलेली असते. सुटलेल्या दरडी रुळावर कोसळण्याआधी पाडायच्या असतात. त्यासाठी माणसे कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरतात, हातात पहार घेऊन.